अंगावरून जातंय आणि आपण अंगावर काढतोय: पाळी, पिशवी, ओटीपोट... डॉक्टरकडे नक्की कधी जायचं?

शेवंती

आमच्या ऑफिसात दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. यंदा यादी करायचं काम माझ्याकडे होतं, लोकांच्या मागे लागून लागून नावं घेतली आणि शेवटी कुणीतरी म्हणालं मॅडम तुमचं नाव कुठाय, म्हणून मीपण रांगेत. बोटाला टोचलं, त्या पोराने थेंब निळ्या पाण्यात सोडला. मोरचुदाचं पाणी असतं ते, हिमोग्लोबिन पुरेसं असलं की थेंब सरळ तळाला जातो. माझ्या पुढे आमचा शिपाई होता, त्याचा गेला टपकन. माझा वरच. नुसता तरंगतोय. त्याने दुसऱ्या बोटाला टोचलं, परत तेच. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, मॅडम तुम्ही द्यायचं नाही, तुम्हालाच लागेल, आणि वर बिस्किटाचा पुडा हातात दिला.

लॅबमध्ये एचबी ६.८ निघालं.

आता मागे वळून बघते तर सगळं समोरच होतं. दीड वर्ष झालं पाळी नऊ नऊ दहा दिवस चालत होती, पहिले तीन दिवस दोन पॅड एकावर एक, रात्री खाली प्लॅस्टिक आणि त्यावर जुनी चादर, गाठी पडायच्या. ऑफिसात काळी सलवार सोडून दुसरी घातली नाही मी त्या दिवसांत. आई म्हणाली पाळी जायच्या आधी अशीच धो धो जाते, माझीपण गेली, आणि माझं वय ४४ म्हणून मलाही ते पटलं. जिना चढताना धाप लागायची तर म्हटलं वजन वाढलंय. आणि हसू नका, मी मुलाच्या जुन्या दप्तरातल्या पाटीवरच्या पेन्सिली खायला लागले होते. चोरून. दिवसाला दोन तीन.

सोनोग्राफीत पिशवीत ५ सेंमीची फायब्रॉइडची (स्नायूची, कॅन्सरची नसलेली) गाठ निघाली. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मला टेबलावर घेतलंसुद्धा नाही, म्हणाले दोन मुलं झालीत ना, मग पिशवी ठेवून काय करायचंय, बुधवारी काढून टाकू. मी घाबरून नणंदेला फोन केला, तिने दुसरीकडे नेलं. तिथलं नंतर सांगते.

धागा काढायचं कारण असं की ऑफिसात चार जणींशी बोलले तर चौघींचं काहीतरी होतंच. तुम्ही काय काय अंगावर काढलंत? आणि कधी वाटलं की आता बास, दाखवायला हवं?

अळूवडी

अगं पेन्सिली!! मी कच्चे तांदूळ खायचे. निवडायला घेतले की मूठभर तोंडात. सासूबाई म्हणायच्या लग्नात पाऊस पडतो अशाने, म्हटलं माझं झालंय आता लग्न, पडू दे. एचबी ७.९ होतं माझं.

पण एक विचारायचंय, "जास्त जातंय" म्हणजे किती? प्रत्येकीला आपलीच पाळी नॉर्मल वाटते ना, दुसरीची कुठे बघितलेली असते आपण.

स्टेथोवाली

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं काढली, आता छोटा दवाखाना आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते तपासल्याशिवाय होत नाही, पण अळूवडी यांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून लिहिते.

पुस्तकात ८० मिली लिहिलेलं असतं, पण घरी कोण मोजणार. त्यामुळे मी बाईला विचारते रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का? दोन पॅड एकदम लावता का? रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का? आठवड्याच्या वर चालते का? पाळीमुळे लग्नकार्य, प्रवास, कामावर जाणं टाळता का? यातल्या एकाला जरी हो असेल तरी ती जास्त आहे आणि दाखवायचं. आणि दर तासाला पॅड भिजतोय, असं लागोपाठ दोन तीन तास होतंय, चक्कर येतेय, तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, त्याच दिवशी त्याच वेळी हॉस्पिटल.

पेन्सिल, तांदूळ, माती, खडू, बर्फ खावासा वाटणं हे लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका रक्तस्राव सांगत नाहीत, थकवा सांगतात, केस गळतात सांगतात. मी मुद्दाम विचारते, काही विचित्र खावंसं वाटतं का, की मग ओशाळून हसतात आणि पदराच्या टोकाशी चाळा सुरू.

पाळी जायच्या आधी ती अनियमित होते हे खरं. पण धो धो जाणं आणि गाठी पडणं याला "वय झालं" हे उत्तर नाही. थायरॉइड असेल, पिशवीत गाठ असेल, कोंब असेल (पॉलिप), अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं) असेल, क्वचित कॅन्सरची सुरुवात असेल. म्हणून चाळिशीनंतर असं होत असेल तर रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि बऱ्याचदा पिशवीच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात. दवाखान्यातच बारीक नळीने होतं ते, दहा मिनिटांचं काम.

काजवा_२६

माझं जास्त जायचं नाही, दुखायचं. बारावीपासून. हॉस्टेलमध्ये पहिल्या दिवशी मी बाथरूमच्या फरशीवर आडवी पडायचे कारण फरशी थंड असते, आणि रूममेट दार वाजवून विचारायची जिवंत आहेस ना. मेफ्टाल स्पासची स्ट्रिप कंपासपेटीत ठेवलेली असायची. घरी सांगितलं तर आजी म्हणाली लग्न झालं की थांबतं. डॉक्टरांना सांगितलं तर तेही म्हणाले लग्न झालं की थांबेल, म्हणजे एमबीबीएसला काय शिकवतात आणि आजीला कुणी शिकवलं, सिलॅबस एकच दिसतोय. तीन सोनोग्राफ्या नॉर्मल आल्या. तिसऱ्या वेळी तर तो सोनोग्राफीवाला म्हणाला जरा मेडिटेशन करा.

शेवटी एका बाईंनी जो प्रश्न विचारला तो सात वर्षांत कुणी विचारला नव्हता, पाळीत शी करताना दुखतं का? मी रडलेच. कारण सुरीने कापल्यासारखं व्हायचं आणि मला वाटायचं ते वेगळंच काहीतरी आहे, मूळव्याध वगैरे, त्याचा पाळीशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. एन्डोमेट्रिओसिस आहे मला. पिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर, आतड्याच्या मागे वगैरे वाढतो आणि पाळीच्या वेळी तो पण चिडतो, असं त्यांनी समजावलं. आता रोजची हार्मोनची गोळी आहे, पाळी बंदच आहे सध्या आणि मी माणसात आहे.

कुणाच्या मुलीला शाळा कॉलेज बुडवण्याइतकं दुखत असेल तर प्लीज तिला नाटकं करतेस म्हणू नका.

स्टेथोवाली

काजवा, सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे हा आजार नाही असं होत नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. अंडाशयावर चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असेल तर ती दिसते, पातळ चट्टे दिसत नाहीत. निदानाला सात आठ वर्षं लागणं हे दुर्दैवाने जगभर आहे. पाळीत शी किंवा लघवी करताना दुखणं, संबंधांच्या वेळी खोलवर दुखणं, पाळी संपल्यावरही ओटीपोट दुखत राहणं, गर्भ न राहणं, हे सांगायलाच हवं, डॉक्टरने विचारलं नाही तरी. दोन तीन महिने तारखा आणि दुखणं लिहून न्या. त्या कागदाने पंधरा मिनिटांची बडबड वाचते.

अळूवडी

आमची आई कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी बारीक फुली मारायची. बाबांना वाटायचं गॅस सिलेंडरची तारीख आहे :D

सड्यावरची

मी आईचं लिहिते. ती लिहिणार नाही आणि मी लिहिलंय हे तिला कळलं तर बोलणारही नाही.

आई ६७ वर्षांची, रत्नागिरीच्या बाजूला एकटी राहते. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, म्हणून मी पंधरा दिवस जाऊन राहिले. पहिल्या दिवशी न्हाणीत तिला आंघोळ घालताना बघितलं तर जुन्या लुगड्याची घडी, लंगोटासारखी बांधलेली. म्हटलं हे काय आई. तर म्हणे काही नाही गं, अंग येतं बाहेर, आत लोटलं की जातं, ही घडी असली की बरं पडतं. किती दिवस? तर बापूचं लग्न झालं तेव्हापासून. बापू म्हणजे माझा भाऊ. त्याचा मुलगा नववीत आहे.

चौदा पंधरा वर्षं ही बाई घडी बांधून विहिरीचं पाणी ओढत होती, आंब्याच्या पेट्या उचलत होती. पाच बाळंतपणं, सव्वा महिना कधी धड मिळाला नाही. लघवीला गेली की नीट सुटायची नाही, आधी अंग आत लोटायचं मग लघवी, हेसुद्धा तिने "जमवलं" होतं. लग्नाकार्याला यायची नाही, आम्ही म्हणायचो आईला माणसं नकोत. वास येईल म्हणून यायची नाही ती.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खाली सरकलेलं अंग वर धरून ठेवणारी रिंग बसवली, सिलिकॉनची असते. पाच मिनिटं. ऑपरेशनही करता येतं म्हणाल्या पण आईला शुगर आहे आणि रिंगने भागतंय तर घाई नको. दर तीन चार महिन्यांनी दाखवायचं, काढून धुऊन परत बसवतात. पहिल्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आल्यावर आई एसटी स्टँडपर्यंत चालत गेली आणि मला म्हणाली, अगो, काही लोंबत नाही.

माई६१

सड्यावरची, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या पिढीत हे असंच. माझ्या सासूबाईंचंही होतं, आम्हाला त्या गेल्यावर कपाट आवरताना कळलं, घड्या सापडल्या.

मला मात्र देवाच्या दयेने तसं काही नाही. खोकला शिंक आली की थोडी लघवी होते पण ते वयाने असतंच. पाळी जाऊन आठ वर्षं झाली, सुटले एकदाची. मध्ये दोनदा परकराला जरासा डाग दिसला पण तो मूळव्याधीचा असणार, उन्हाळ्यात होतो मला त्रास. तुम्ही पोरी हल्ली मोकळं बोलता हे बरं आहे.

स्टेथोवाली

माई, तुमच्या पोस्टमधलं ते मधलं वाक्य मला जाऊ देता येत नाही. पाळी जाऊन वर्ष झालं आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला, गुलाबी, तपकिरी, कसाही, तरी तपासायचं. दहातल्या साधारण नऊ जणींना त्यात कॅन्सर नसतो, आतली त्वचा कोरडी आणि पातळ झाल्याने किंवा कोंबामुळे होतं, पण ती दहावी कोण हे परकर बघून कळत नाही. लवकर कळलं तर हा बऱ्यापैकी पूर्ण बरा होणारा कॅन्सर आहे. मूळव्याधच असेल तर तेही तपासताना कळेल. या आठवड्यात जा.

आणि शिंकताना लघवी होणं हे वयाने "असतंच" नाही, त्याला व्यायाम आहेत. वारा सरायला आला आणि चारचौघात बसलोय, अशा वेळी आपण जे स्नायू आवळतो ना तेच आवळायचे, वर ओढल्यासारखे. पोट, मांड्या, श्वास मोकळा. पाच ते दहा सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने चिकाटीने करा, आठ दिवसांत फरक पडत नाही म्हणून सोडू नका. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करायचा नसतो, बऱ्याच ठिकाणी चुकीचं सांगतात.

उंबरठाण

इतकं काही करायची गरज नसते. अशोकारिष्ट, उंबराचं पाणी, बीट गाजर गूळ शेंगदाणे सुरू करा, सहा महिन्यांत सगळं जागेवर येतं. अ‍ॅलोपॅथीवाल्यांना कापायचंच असतं. शेवंती यांचाच अनुभव बघा की, बुधवारी काढू म्हणाले.

शेवंती

उंबरठाण, मी अशोकारिष्टाच्या तीन बाटल्या संपवल्यात, त्या सुरू असतानाच ६.८ झालं. शेंगदाण्याचे लाडू तर आई पाठवतेच, वजन तेवढं वाढलं.

आता दुसरीकडे काय झालं ते. त्या डॉक्टरांनी आधी टेबलावर घेऊन तपासलं, मग अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो साधा आला. आयर्नचं सलाईन दिलं दोन वेळा आठवड्याच्या अंतराने, कारण गोळ्यांनी चढायला वेळ लागला असता आणि माझं चालूच होतं. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. गोळ्या देताना विचारलं पायात वगैरे कधी रक्ताची गुठळी झाली होती का, झाली असेल तर ही चालत नाही म्हणे. मग तीन पर्याय कागदावर चित्र काढून दाखवले. गाठ बाहेरच्या बाजूला असती तर सोडून दिली असती, माझी आत पोकळीत ढकलतेय म्हणून जास्त जातंय. गाठ तेवढी काढता येते, हार्मोनची तांबी बसवता येते पण पोकळीचा आकार बिघडला असेल तर ती निसटू शकते, आणि पिशवी काढणं. "काढायचीच नाही असं मी म्हणत नाही, पण तो शेवटचा पर्याय आहे आणि तुम्ही ठरवायचा आहे" हे वाक्य आणि ते पेनाने काढलेलं पेरूसारखं चित्र अजून पर्समध्ये आहे.

स्टेथोवाली

उंबरठाण, आहाराने लोह टिकवता येतं, खड्डा भरत नाही, खाली बादलीला भोक असताना तर नाहीच. तुम्हाला आयुर्वेद घ्यायचा तर घ्या, पण आधी तपासून नाव कळू द्या की आहे काय. कापायचीच घाई असणारे आहेत, हे मात्र मी नाकारत नाही.

बालाघाट

कापायच्या घाईवरून लिहितो. शिक्षक आहे, बीड जिल्हा. आमच्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे वर्ग रिकामे होतात, आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं बरोबर. तोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, नवरा बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस गेलं नाही तर खाडा कापला जातो. आता त्या बाईची पाळी, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, कपडा तोच धुवून ओला लावायचा, पहाटे चारला मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. ओटीपोट दुखतं, पांढरं जातं म्हणून ती गावाकडच्या दवाखान्यात गेली की तिला सांगितलं जायचं, पिशवीला सूज आहे, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, कॅन्सर होईल, काढून टाक. तिशीच्या आतल्या बायका. उचल घेऊन ऑपरेशन आणि ऑपरेशन फेडायला परत उचल.

२०१९ साली बोभाटा झाल्यावर सरकारने समिती नेमली, तिच्यासमोर आलेला आकडा असा की जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. नंतर खाजगी दवाखान्याला सिव्हिल सर्जनची परवानगी लागेल असं केलं. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई ३१ वर्षांची आहे, पिशवी काढलेली, गुडघे धरून उठते, अंगातून वाफा निघतात म्हणते. हा धागा वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं की त्याचा पिशवी काढल्याशी संबंध असेल. आहे का?

स्टेथोवाली

आहे सर. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली असतील तर दुसऱ्या दिवसापासून पाळी गेल्यातच जमा, म्हणजे ३१ व्या वर्षी पन्नाशीचं शरीर. वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ, पुढे हृदयाचा धोका. अंडाशयं ठेवली तरी काही जणींची लवकर थकतात. त्यांच्याकडे ऑपरेशनचा कागद असेल तर त्यावर काय काढलंय ते लिहिलेलं असतं, तो घेऊन जिल्हा रुग्णालयात पाठवा. यावर उपचार असतात, एवढ्या लहान वयात तर द्यायलाच हवेत.

"पिशवीच्या तोंडाला सूज, जखम" हे शब्द सोनोग्राफीच्या किंवा तपासणीच्या कागदावर दिसले म्हणून कुणी कॅन्सर समजू नका. बऱ्याचदा तो साधा इन्फेक्शनचा किंवा अगदी नॉर्मल लालसरपणा असतो.

सिस्टर_माया

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सिस्टर आहे. पांढरं जाण्याबद्दल लिहायचंच होतं. आमच्याकडे रोज चार बायका येतात, अंगावरून पांढरं जातं, हाडं झिजून जातात म्हणून. हाडं नाही जात ओ त्यात. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार सुटणारं जातं ते तब्येतीचं लक्षण आहे, त्याला औषध नाही. दह्यासारखं फुटीर आणि खाज असेल तर बुरशी, सारखी सारखी होत असेल तर शुगर बघायची, दोन बायकांचा डायबेटिस आम्ही असाच पकडलाय. राखाडी पातळ आणि मासळीसारखा वास असेल तर वेगळं इन्फेक्शन, पिवळं हिरवं फेसाळ असेल तर वेगळं, त्या शेवटच्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात नाहीतर फिरून तेच. नवरे येत नाहीत. यावरच्या गोळ्यांचं हिरवं किट सरकारी दवाखान्यात फुकट असतं. आणि डेटॉलने आत धुऊ नका गं बायांनो, आतलं चांगल्या जंतूंचं लिंपण जातं त्याने.

तीस वर्षांच्या पुढे असाल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी मागून घ्या, आमच्याकडे व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक लावून मिनिटभर बघतो, पांढरा डाग आला तर पुढे पाठवतो. दुखत नाही. पाच वर्षांतून एकदा. मी कॅम्पला बोलावते तर म्हणतात मला काय झालंय. अगं झालं नाही तेव्हाच करायची असते.

बार्शीची_सून

ही तपासणी म्हटली की माझ्या सासूबाई कॉलर ताठ करतात. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आता धाराशिव) गावोगावी २००० च्या आसपास मोठी पाहणी झाली होती, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं जीप घेऊन यायची. त्यात सासूबाई होत्या! एचपीव्हीची (ज्या विषाणूने पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो त्याची) टेस्ट एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरने जाणाऱ्या बायका जवळपास निम्म्याने कमी झाल्या असं २००९ ला छापून आलं, जगभर वाचलं गेलं ते. सासूबाईंना विचारलं तेव्हा काय केलं होतं, तर म्हणे डॉक्टरीण गोरी होती आणि चहा दिला होता.

मुलीला एचपीव्हीची लस दिली आम्ही, ती सिरमची पुण्याची, २०२३ ला आली ती. लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच असते हे मात्र सांगितलं तिला.

लेस्टरकर

इथे इंग्लंडात पंचविशीनंतर घरी पत्र येतं तपासणीला या म्हणून. मी तीन पत्रं फ्रीजवर मॅग्नेटने लावून ठेवलीयेत. आज करते फोन.

घाटवाट

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना. बायकांचंच लाजेने लपतं असं नाही. माझा मुलगा १४ वर्षांचा, रात्री अकराला पोटात दुखतंय म्हणाला, उलटी झाली, आम्ही ओवा दिला. सकाळी सहाला रडत बायकोला नाही, मला बाथरूममध्ये बोलावून सांगितलं की खाली एका बाजूला दुखतंय, सुजलंय. अंडकोषाला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले पहिल्या सहा तासांत आलात तर बहुतेक वाचतो, पुढे शक्यता झपाट्याने कमी होते. आम्हाला टेबलावर घेईपर्यंत नऊ वाजले. एक काढावा लागला. दुसरा टाके घालून पक्का केला, तो ठीक आहे, पुढे काही अडचण येऊ नये म्हणतात.

तो रात्रभर का बोलला नाही तर "ते कसं सांगायचं" म्हणून. त्याला त्या भागाला मराठीत घरात बोलायचा शब्दच माहीत नव्हता, शाळेतल्या शिव्या सोडून.

स्टेथोवाली

लिहिलंत ते फार बरं केलंत. बायकांमध्येही असाच अंडाशयाला पीळ पडतो, एका बाजूला अचानक मरणाची कळ आणि उलट्या, गॅस म्हणून घरी थांबायचं नाही. तसंच पाळी चुकलेली किंवा नुसते डाग पडतायत, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून असं होणारच नाही असं समजू नका, उलट ऑपरेशननंतर क्वचित दिवस राहिलेच तर ते नळीत असण्याची शक्यता जास्त असते. ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचं जाणं एकत्र आलं तरी त्याच दिवशी.

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासून लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. शिकत होते तेव्हा वाचला हा आकडा. परवा माझ्याकडे पुण्यातली शिकलेली बाई आली, ५२ वर्षांची, दोन सिझेरियन, तिचीही आतून तपासणी बावीस वर्षांत झाली नव्हती.

शेवंती

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. दुर्बिणीतून, खालूनच, पोटावर छेद न देता गाठ काढली. एक रात्र हॉस्पिटल. मागची पाळी पाच दिवस, एकावेळी एकच पॅड, आणि मी पांढरा कुर्ता घालून ऑफिसला गेले, उगाचच. पेन्सिलीची आठवणही येत नाही, परवा एक सापडली ती चाखून बघितली, कशी खात होते कोण जाणे. शेजारच्या ऑफिसात शिबिर होतं म्हणून गेले, तोच पोरगा होता. एचबी १२.१. साडेबारा लागतं. थेंब जरासा अडखळला, मग वर आला. तो म्हणाला मॅडम पुढच्या वेळी. बिस्किटं दिली परत.

माई, तुमचं काय झालं?

माई६१

नंबर लावलाय उद्या अकराचा. सून येतेय बरोबर, तिला सांगितलं तेव्हा ती रागावली आधी का नाही सांगितलं म्हणून. डागाचं ह्यांना अजून बोलले नाहीये. एक विचारायचं होतं, हसू नका, आतून तपासतात म्हणजे जाताना साडी नेसून जाऊ का ड्रेस घालू?

सिस्टर_माया

साडीच बरी माई. नुसती वर घेतली की झालं, काही काढावं लागत नाही. आणि तपासायच्या आधी लघवीला जाऊन या, मोकळं वाटतं.